मानवी हक्क आणि कामगार हक्कांचे आंतरराष्ट्रीय करार: भारताने कशाला मान्यता दिली, कशाला नाही

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामगारांच्या बैठकांत, कायद्याच्या वर्गात आणि कधी तहसील कचेरीच्या व्हरांड्यात पुन्हा पुन्हा कानावर येणारे प्रश्न येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही.

भारताने सही केली म्हणजे तो करार भारतात लागू झाला का?

नाही. सही म्हणजे केवळ इरादा. त्यानंतर केंद्र सरकार त्या कराराचे अनुसमर्थन करते, म्हणजे ‘हा करार आमच्यावर बंधनकारक आहे’ असे अधिकृतपणे कळवते. मूळ सही राहून गेली असेल, तर देश नंतर थेट सामीलही होऊ शकतो आणि त्याचा परिणाम अनुसमर्थनासारखाच असतो. मात्र एवढे होऊनही करारातील कलम दाखवून कोणाला शिक्षा करता येत नाही किंवा मालकाकडून पैसे वसूल करता येत नाहीत. त्यासाठी देशात कायदा असावा लागतो.

आपल्याकडे अनुसमर्थनाचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळ घेते आणि त्यासाठी संसदेत मतदान घेण्याचे बंधन नाही. संविधानाच्या अनुच्छेद २५३ने संसदेला आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी कायदा करण्याचा अधिकार दिला आहे, आणि विषय राज्यसूचीतला असला तरी तो अधिकार चालतो. अनुच्छेद ५१(ग) सांगतो की, करारांतून येणाऱ्या बंधनांविषयी आदर वाढावा यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या जोरावर थेट दावा लावता येत नाही. तरीही न्यायालयांनी त्याचा आधार अनेकदा घेतला आहे, त्याविषयी पुढे येईल.

मानवी हक्कांच्या कोणत्या करारांत भारत आहे?

१० डिसेंबर १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा हा करार नाही, पण सगळ्याचा पाया तोच. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा इंग्रजी शब्द होता. तेथे ‘सर्व माणसे’ असा शब्द यावा, हा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला.

वंशभेदविरोधी करार भारताने १९६८मध्ये स्वीकारला. नागरी व राजकीय हक्कांचा आणि आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांचा, अशा दोन्ही मुख्य करारांत भारत एकाच दिवशी, १० एप्रिल १९७९ रोजी सामील झाला. बालहक्कांच्या करारात डिसेंबर १९९२मध्ये, स्त्रियांविरुद्धचा भेदभाव नष्ट करण्याच्या करारात जुलै १९९३मध्ये आणि अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात ऑक्टोबर २००७मध्ये. या शेवटच्या करारामुळेच १९९५चा जुना कायदा बाजूला सारून २०१६चा अपंग व्यक्ती हक्क कायदा करावा लागला.

निर्वासितांविषयीच्या १९५१च्या करारात भारत नाही. स्थलांतरित कामगार आणि त्यांच्या कुटुंबीयांच्या हक्कांच्या १९९०च्या करारातही नाही. व्यक्तीला बळजबरीने गायब करण्याविरुद्धच्या करारावर भारताने फेब्रुवारी २००७मध्ये सही केली, पण अनुसमर्थन केलेले नाही.

सामील होताना भारताने काही अटी घातल्या होत्या का?

घातल्या होत्या, आणि त्या वाचल्याशिवाय ‘भारताने करार मान्य केला आहे’ हे वाक्य अर्धवट राहते.

नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील कलम ९ सांगते की, बेकायदा अटक झालेल्या माणसाला भरपाई मागण्याचा हक्क आहे. भारताने १९७९मध्ये लिहून दिले की, आमच्या कायदापद्धतीत असा हक्क नाही. पुढे ओडिशातील नीलाबती बेहेरा या आईने सर्वोच्च न्यायालयाला एक पत्र लिहिले. त्यांच्या बावीस वर्षांच्या मुलाला पोलिसांनी ताब्यात घेतले होते आणि दुसऱ्या दिवशी त्याचे प्रेत रेल्वे रुळांजवळ सापडले होते. न्यायालयाने ते पत्रच याचिका मानले आणि १९९३मध्ये दीड लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. तो देताना, भारताने ज्याला नकार कळवला होता त्याच कलमाचा उल्लेख केला. डिसेंबर १९९६च्या डी. के. बसू निकालात न्यायालयाने स्पष्टच म्हटले की, या अटीला आता अर्थ उरलेला नाही. कायदेपंडितांच्या तोंडी हा निकाल नेहमी असतो. मला मात्र त्यात आधी ते पत्र दिसते.

स्त्रियांविषयीच्या करारात भारताची घोषणा अशी की, कोणत्याही समाजाच्या खासगी बाबींत त्या समाजाच्या पुढाकाराशिवाय आणि संमतीशिवाय हस्तक्षेप करणार नाही. विवाहनोंदणी सक्तीची करण्याचे तत्त्व मान्य केले, पण एवढ्या मोठ्या आणि विविध देशात ते व्यवहार्य नाही असेही लिहिले. वस्तुतः गोव्यात विवाहनोंदणी पोर्तुगीज काळापासून सक्तीची आहे, आणि २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्वनीकुमार खटल्यात सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले. देशाच्या एका कोपऱ्यात रुळलेली गोष्ट जगापुढे ‘अव्यवहार्य’ म्हणून मांडली गेली, हे मला आजही पटत नाही.

छळविरोधी कराराचे काय झाले?

भारताने १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. अनुसमर्थन अजून नाही. त्यासाठीचे विधेयक मे २०१०मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवले आणि पुढे ते बारगळले. विधी आयोगाने २०१७मध्ये आपल्या २७३व्या अहवालात अनुसमर्थनाची शिफारस केली आणि सोबत मसुदाही दिला.

याची किंमत केवळ कोठडीतील माणूस मोजतो असे नाही. पुरुलिया शस्त्रप्रकरणातील (१९९५मध्ये पश्चिम बंगालमध्ये विमानातून शस्त्रे टाकल्याच्या प्रकरणातील) आरोपीला भारताच्या ताब्यात देण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११मध्ये नकार दिला, तो भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे या कारणाने. ज्यांना देशाच्या सुरक्षेची काळजी आहे त्यांनीही या कराराची बाजू घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेशी भारताचा संबंध कधीपासून?

पहिल्या दिवसापासून. १९१९मध्ये संघटना स्थापन झाली तेव्हा भारत पारतंत्र्यात होता, तरी संस्थापक सदस्य होता. या संघटनेत प्रत्येक देशाकडून सरकार, मालक आणि कामगार असे तिन्ही पक्ष बसतात आणि तिघांनाही मत असते. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला भारताच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले ते नारायण मल्हार जोशी, मूळचे कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील गोरेगावचे. लोअर परळचा ना. म. जोशी मार्ग त्यांच्याच नावाचा. त्यांची निवड सरकारने केली होती. कामगारांचा प्रतिनिधी कामगारांच्या संघटनेनेच निवडायचा, तर देशव्यापी संघटना हवी, ही निकडही ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत आयटक (अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस) स्थापन होण्यामागे होती.

त्या परिषदेत झालेला पहिला करार कामाच्या तासांचा होता: दिवसाला आठ, आठवड्याला अठ्ठेचाळीस. ब्रिटिश हिंदुस्थानासाठी मात्र त्यात वेगळे कलम घातले गेले, आठवड्याला साठ तास. भारताने १९२१मध्ये तो स्वीकारला आणि १९२२मध्ये कारखाना कायद्यात साठ तासांची मर्यादा आली. अठ्ठेचाळीस तास यायला १९४६ उजाडले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते.

म्हणजे ‘आठ तास आंतरराष्ट्रीय करारात आहेत, ते कोणी काढू शकत नाही’ असे जे सभांमध्ये सांगितले जाते, ते भारतापुरते अचूक नाही. करारातला भारतासाठीचा आकडा साठच आहे. आपले अठ्ठेचाळीस आपल्या कायद्यातून आले आहेत. सप्टेंबर २०२५मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाच्या कामाची कमाल मर्यादा नऊ तासांवरून बारावर नेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली, तेव्हा विरोधाचा आधार जिनिव्हात, म्हणजे श्रम संघटनेच्या मुख्यालयात, शोधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवे होते. तेथे बचाव नाही. तो येथल्या विधिमंडळात आणि येथल्या संघटनांतच आहे.

‘मूलभूत’ श्रम करारांपैकी भारताने किती स्वीकारले?

भारताने आजवर श्रम संघटनेचे ४७ करार स्वीकारले, त्यांतले काही आता कालबाह्य झाले आहेत. २०२२मध्ये सुरक्षित व निरोगी कामाच्या जागेचा हक्क मूलभूत ठरल्यापासून मूलभूत करारांची संख्या दहा आहे. वेठबिगारीचे दोन (क्रमांक २९ आणि १०५), समान वेतनाचा १००, भेदभावविरोधी १११, बालमजुरीचे १३८ आणि १८२, असे सहा भारताने स्वीकारले आहेत. सुरक्षेचे १५५ आणि १८७ हे दोन राहिले. आणि संघटना स्थापण्याच्या स्वातंत्र्याचा ८७ आणि सामुदायिक वाटाघाटींचा ९८ हे दोनही राहिले, जे १९४८ आणि १९४९ इतके जुने आहेत.

८७ आणि ९८ भारत का स्वीकारत नाही?

सरकारचे उत्तर अनेक दशके तेच आहे: सरकारी कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत संप करण्यावर आणि सरकारवर टीका करण्यावर बंधने आहेत, करार स्वीकारले तर ती उठवावी लागतील. करार ८७मध्ये सवलत फक्त सैन्य आणि पोलिसांपुरती आहे, त्यामुळे त्याबाबत हे उत्तर निदान सुसंगत तरी आहे. ९८च्या बाबतीत ते फारच तोकडे पडते, कारण प्रत्यक्ष राज्यकारभार चालवणाऱ्या सरकारी नोकरांना तो करार स्वतःच बाहेर ठेवतो. मग खासगी कारखान्यातल्या, गोदामातल्या, कंत्राटावरच्या कामगाराने कशासाठी थांबायचे?

तरीही एक गोष्ट कामगारांना ठाऊक असावी. श्रम संघटनेच्या १९९८च्या घोषणेनुसार मूलभूत तत्त्वांचा आदर करणे हे सदस्यत्वामुळेच बंधन ठरते, करार स्वीकारलेला असो वा नसो. संघटना-स्वातंत्र्य समितीकडे कामगार संघटना भारताविरुद्ध तक्रार करू शकतात आणि त्यांनी ती केलेलीही आहे.

उचल घेऊन ऊसतोडीला जाणे ही वेठबिगारी आहे का?

हा प्रश्न बीडकडे सर्वाधिक विचारला जातो, आणि उत्तर उचल कशी फिटते यावर आहे.

करार २९ भारताने १९५४मध्ये स्वीकारला. त्याची व्याख्या अशी: शिक्षेच्या किंवा दंडाच्या धाकाखाली करून घेतलेले आणि माणसाने स्वखुशीने न पत्करलेले काम. संविधानाचा अनुच्छेद २३ वेठबिगारीला मनाई करतो. एशियाडच्या बांधकामावरील कामगारांच्या खटल्यात १९८२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मनाईचा अर्थ पुष्कळ रुंद केला. धाक केवळ काठीचा नसतो, भुकेचाही असतो. दुसरा पर्याय नसल्यामुळे माणूस किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबत असेल, तर तेही वेठीचेच काम.

आता फडावरचा हिशोब पाहू. दिवाळीच्या आधी मुकादम उचल देतो ती एका ‘कोयत्या’ला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजुरी टनावर. पहाटे अंधारात दोघे फडात उतरतात. तो तोडतो, ती पाचट सोलते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. मुकादमाच्या वहीत मात्र एकच नाव असते, त्याचे. आडवी रेघ मारून केलेल्या रकान्यांत टन, खाडे, किराणा, दवाखाना, आणि शेवटी ‘बाकी’. एक दिवस खाडा झाला तर त्याचा दंडही त्याच बाकीत चढतो. हंगाम संपतो, बाकी संपत नाही, आणि पुढल्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते.

उचल घेणे हा स्वतःहून गुन्हा नाही. पण बाकी फिटेपर्यंत दुसरीकडे जाता येत नसेल, गावी परतू दिले जात नसेल किंवा मजुरी किमान वेतनाखाली जात असेल, तर १९७६चा वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा लागू होतो. त्यातल्या दोन तरतुदी प्रत्येक कोपीपर्यंत, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या झोपडीपर्यंत, पोहोचायला हव्यात. एक, वेठबिगारीचे कर्ज कायद्याने संपुष्टात आले आहे, ते फेडण्याची जबाबदारी उरत नाही. दोन, हे कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर आहे, मजुरावर नाही. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा उपविभागाच्या दक्षता समितीकडे करायची. चौकशीनंतर मुक्तता प्रमाणपत्र मिळते आणि पुनर्वसनाची मदत त्यावरच अवलंबून असते, म्हणून तोंडी ‘तुम्ही आता मोकळे’ यावर समाधान मानू नये.

आणि वहीत जिचे नावच नाही त्या बाईचे काय? समान वेतनाचा करार १०० भारताने १९५८मध्येच स्वीकारला आहे. पण मजुरीच मोजली जात नसेल, तर ती समान आहे की नाही हे मोजणार कशाने? माझ्या मते ऊसतोडीतली पहिली मागणी दोन नावे, दोन रकाने अशी असावी. दरवाढीची त्यानंतर.

बालमजुरीचे करार भारताने इतक्या उशिरा का स्वीकारले?

१३८ आणि १८२ हे दोन्ही करार भारताने १३ जून २०१७ रोजी स्वीकारले. त्याआधी २०१६मध्ये कायदा दुरुस्त करून चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वत्र बंदी केली आणि चौदा ते अठरा वयोगटाला धोक्याच्या कामांतून बाहेर काढले. कुटुंबाच्या व्यवसायात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्याची सवलत मात्र ठेवली. आईबापांबरोबर फडावर गेलेले, वाढे (उसाचे शेंडे) गोळा करणारे, धाकट्या भावंडाला सांभाळणारे मूल त्याच सवलतीच्या आड दिसेनासे होते, ही माझी तक्रार आहे. आणि त्याची शाळा गावातच सुटलेली असते.

न्यायालयात कराराचा उल्लेख केला तर उपयोग होतो का?

होतो, पण मर्यादेत. जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात १९८०मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले की, करार आपोआप देशाचा कायदा होत नाही. तरीही त्याच्याशी जुळेल असा कायद्याचा अर्थ लावून, निव्वळ गरिबीमुळे कर्ज न फेडू शकलेल्या माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही, असा निकाल दिला. सर्वात मोठे उदाहरण १९९७च्या विशाखा निकालाचे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध देशात कायदाच नव्हता, तेव्हा न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. कायदा यायला २०१३ साल लागले. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती आणि बाकीच्यांसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती, ही रचना त्यातलीच. घरकामगार स्त्रियाही या स्थानिक समितीकडे जाऊ शकतात.

घरकामगारांसाठी वेगळा आंतरराष्ट्रीय करार आहे ना?

आहे, २०११चा करार १८९. भारताने तो स्वीकारलेला नाही. कामाच्या जागी हिंसा व छळाविरुद्धचा २०१९चा करार १९०ही नाही. महाराष्ट्रात २००८चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण तो कल्याणकारी योजनांचा आहे. पगार, सुट्टी आणि नोटीस यांविषयी करार १८९ जे सांगतो, ते त्यात नाही.

एखादा करार खरोखर कामी येताना दिसतो का?

दिसतो, समुद्रावर. सागरी श्रम करार भारताने ऑक्टोबर २०१५मध्ये स्वीकारला आणि वर्षभराने तो आपल्यासाठी लागू झाला. रत्नागिरी, रायगड आणि गोव्यातील असंख्य घरे बोटीवरच्या पगारावर चालतात, म्हणून याची माहिती तेथे हवीच. जहाज कोणत्याही झेंड्याचे असो, करार मानणाऱ्या देशाच्या बंदरात ते आले की तेथील निरीक्षक कामाचे तास, पगार, जेवण, राहण्याची जागा तपासू शकतो आणि गंभीर त्रुटी असल्यास जहाज अडवून ठेवू शकतो. खलाशी बंदरातच तक्रार करू शकतो. दोन महिने पगार थकला तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडले असे मानले जाते, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार व घरी परतण्याचा खर्च यासाठी आर्थिक हमी जहाजावर आधीच असावी लागते.

जहाज अडले की मालकाचे रोज नुकसान होते, म्हणून हा करार चालतो. जमिनीवरचे तपासनीस का चालत नाहीत, याचेही उत्तर त्यात आहे. कामगार तपासणीचा करार ८१ भारताने १९४९मध्ये स्वीकारला. तपासनीसाला पूर्वसूचना न देता दिवसा किंवा रात्री कोणत्याही वेळी कामाच्या जागी शिरता यावे, असे तो सांगतो. अचानक पडणाऱ्या या तपासणीला ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणून हिणवण्याची पद्धत पडली आहे. शिफ्ट चालू असताना कुलूप लावलेला मागचा दरवाजा मात्र अशाच अवचित फेरीत सापडतो.

भारत आपला हिशोब कोणाला देतो का?

प्रत्येक करारासाठी तज्ज्ञांची समिती असते आणि देशाने तिला ठरावीक काळाने अहवाल द्यायचा असतो. नागरी व राजकीय हक्कांच्या समितीपुढे भारताचा तिसरा अहवाल १९९७मध्ये आणि चौथा थेट जुलै २०२४मध्ये आला. मधली सत्तावीस वर्षे म्हणजे एक पिढी. आर्थिक व सामाजिक हक्कांवरचा आढावा २००८मध्ये झाला होता. मानवी हक्क परिषदेतील सार्वत्रिक आढावा मात्र वेळेवर होतो, शेवटचा नोव्हेंबर २०२२मध्ये झाला.

मी स्वतः तक्रार कुठे करू शकतो?

या करारांच्या समित्यांकडे व्यक्तीने थेट तक्रार करण्याची सोय भारताने स्वीकारलेली नाही, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. देशात राष्ट्रीय मानवी हक्क आयोग आणि मुंबईतील महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग यांच्याकडे जाता येते. १९९३चा त्यांचा कायदा ‘मानवी हक्क’ म्हणजे काय हे सांगताना आंतरराष्ट्रीय करारांचा नावाने उल्लेख करतो, म्हणून अर्जात कराराचे कलम जरूर लिहावे. घटनेला एक वर्ष उलटल्यावर आयोग चौकशी करू शकत नाही. पहिला अर्ज कोणाच्या सल्ल्याची वाट पाहत ठेवू नये. फी लागत नाही आणि अर्ज मराठीतही चालतो.

श्रम करारांबाबत एकट्या कामगाराला जिनिव्हाला लिहिता येत नाही, पण त्याच्या संघटनेला येते. सरकारच्या अहवालावर नोंदणीकृत कामगार संघटना आपले निरीक्षण पाठवू शकते आणि तज्ज्ञ समिती त्यावर सरकारकडे खुलासा मागते. अशा निरीक्षणात भाषणाचा सूर नसावा. कराराचा क्रमांक, कलम, तालुका, तारखा, किती कामगार, कोणता आदेश आला किंवा आला नाही, एवढे सरळ लिहावे आणि सोबत वहीच्या पानाची छायाप्रत जोडावी. मुकादमाने ज्या पानावर ‘बाकी’ लिहिली आहे, तेच पान.